उरलेल्या गोळ्या

गोळ्यांच्या खिडकीवर बसणाऱ्या सिस्टरचा एक नियम होता. एचआयव्हीच्या गोळ्यांची नवी बाटली हवी असेल तर जुनी आणायची आणि तिच्यासमोर उपडी करायची. रोज एक गोळी; त्यातली एक जरी उरलेली दिसली, तरी रांगेदेखत बोलणी खायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, हे तीही नाकारत नसे. "गोळी चुकली की औषध लागू पडेनासं होतं," ती म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या सकाळी सुतारदादांची बाटली रिकामी निघाली. गेल्या खेपेला त्यांच्या सहा गोळ्या उरल्या होत्या आणि तिने त्यांना सळो की पळो करून सोडलं होतं.

"बघा! बोललं की जमतं," ती खूश होऊन म्हणाली.

सुतारदादा कसंनुसं हसले, खिडकीची कड धरून खाली बसले, ते उठेचनात.

खाटेवर घेतल्यावर खरं बाहेर आलं. ते बाहेरगावी कामाला गेले होते आणि बाटली घरीच राहिली होती. उरलेल्या आठ गोळ्या त्यांनी आज चहाबरोबर एकदम घेतल्या होत्या.

"अहो, फेकून तरी द्यायच्या!" सिस्टरच्या तोंडून निघून गेलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"औषध कसं फेकायचं?" सुतारदादा कण्हत म्हणाले. "फुकट मिळतं म्हणून काय झालं?"

डॉक्टर आले. या औषधाला उतारा नव्हता, डायलिसिसनेही ते अंगातून निघत नव्हतं. सलाईन लावायचं, ईसीजी काढत राहायचा आणि नजर ठेवायची. ठोके मंदावले होते. सुतारदादा तळमळायला लागले तसा डॉक्टरांनी झोपेच्या इंजेक्शनकडे हात नेला.

"ते नको!" सिस्टर ओरडलीच. "या गोळ्यांवर ते चालत नाही. श्वास मंदावेल!"

डॉक्टरांनी हात मागे घेतला. सकाळपासून तिच्या हातून एवढंच काय ते धड झालं. पुढे नुसतं बसायचं होतं, आणि ते तिला कधीच जमलं नव्हतं. ती चरफडत राहिली. आधी त्यांच्यावर, मग स्वतःवर.

दुपारी ठोके ताळ्यावर आले. सुतारदादांनी डोळे उघडले.

"नवी बाटली द्याल ना?" त्यांनी भीत भीत विचारलं. "का आता बंद?"

तिला गलबलून आलं. "देणार हो. चुकली तर चुकली म्हणा. उरल्या तर उरलेल्या घेऊन या. पण भरून काढायला जाऊ नका."

खिडकीवर रांग ताटकळली होती. पहिल्याच मावशींनी मोठ्या ऐटीत बाटली उपडी केली. एकही गोळी पडली नाही.

सिस्टरने आवाज खाली आणला. "मावशी, मी रागावणार नाही. खरं सांगा, किती गोळ्या चुकल्या?"

मावशींची ऐट उतरली. त्यांनी मागे वळून पाहिलं. "एकट्या मलाच विचारताय, का सगळ्यांना विचारणार?"

रांगेतल्या एकानेही मान वर केली नाही.