ओलेते पान

मार्चमध्ये मी निवृत्त झालो आणि आपला नवरा दिवसाही दिसतो, हे फुसाएच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. अडतीस वर्षं मी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत होतो. सकाळी सातला बाहेर, रात्री अकराला घरात. आता ती बाजारात निघाली की मी पिशवी घेऊन दारात हजर. ती कपडे वाळत घालायला लागली की मी चिमटे हातात घेऊन शेजारी उभा. ती माझ्याकडे न बघता आपल्या एप्रनच्या खिशातले चिमटे वापरायची.

शरद आला तसा मी तिच्या रविवारांवरही डल्ला मारला. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी दर रविवारी तोक्योतल्या एकेका बागेत रंगलेली पानं बघत हिंडायच्या आणि हायकू लिहायच्या. हातानोबाई म्हणून ऐंशी वर्षांच्या एक खमक्या बाई त्यांच्या गुरू होत्या. माझ्याकडे नखशिखांत पाहून त्या म्हणाल्या, "तीन रविवार येऊ देत यांना. मग ठेवायचं की नाही ते फुसाए ठरवेल." नोकरीच्या मुलाखतीलाही माझे तळवे इतके घामेजले नव्हते. रविवार गेला तर आठवड्यात माझ्याकडे फक्त चिमटे उरणार होते.

पहिल्या रविवारी मी टीव्हीवरचा पानं रंगण्याचा अंदाज कागदावर उतरवून नेला आणि प्रत्येक मेपलखाली थांबून "हे साठ टक्के रंगलंय, ते पंचाहत्तर" असं जाहीर करत सुटलो. दुसऱ्या रविवारी पिवळ्याधमक गिंकोच्या झाडाखाली मान वर करून भारावल्यासारखा उभा राहिलो, तो नेमका खाली सडलेल्या फळांच्या रबरबाटात. परतीच्या गाडीत माझ्या बुटांच्या वासाने आजूबाजूची बाकं रिकामी झाली. फुसाए डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि घर येईपर्यंत तिने मला ओळख दाखवली नाही.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी ती फोनवर बोलत होती. "ओलं पान ना? येणार, येणार. ते कुठे सुटतंय?" पलीकडून इतकं हसू आलं की मला बाथरूमपर्यंत ऐकू आलं.

हायकूवाल्यांत विषय आधी ठरतो, एवढं मला कळलं होतं. म्हणजे उद्याचा विषय ओलं पान, आणि मला मुद्दाम सांगितलेला नाही. परीक्षाच ही. तोकुदा, गाफील राहू नकोस, असं स्वतःला बजावून मी पेन्सिलींना टोक केलं.

रात्री पाऊस पडून गेला होता. इनोकाशिरा बागेतल्या तळ्यावर मेपलच्या फांद्या पार पाण्याला टेकल्या होत्या आणि वरचा रंग कुठे संपतो, खालचा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. टक्के मोजायचं मी साफ विसरलो. वाटेवर माळी बांबूच्या झाडूने पानं लोटत होता. त्यातलं गिंकोचं एक पान झाडू सोडेना. माळ्याने झाडू दोनदा जमिनीवर आपटला, तरी ते तिथेच. मी वही काढली.

तळ्याकाठच्या चहाच्या दुकानात आमची बैठक बसली. बिननावाच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हातानोबाईंनी सगळ्या उतरून काढल्या आणि एकेक वाचायला घेतली.

"कितीही झाडा
झाडूला बिलगून
ओलेते पान."

मैत्रिणींपैकी सोनोबेबाईंच्या नाकातून चहा आला. बाकीच्या तोंडावर हात धरून छताकडे, तळ्याकडे, कुठेही बघत होत्या, फक्त माझ्याकडे नाही. मतं घेतली तर सगळ्यांनी तीच कविता निवडली. फुसाएनेसुद्धा, आणि निवडताना ती सोनोबेबाईंना डोळ्यांनी दटावत होती.

निवडलेल्या कवितेच्या कवीने मोठ्याने आपलं नाव सांगायचं, ही रीत. कंपनीतल्या सकाळच्या हजेरीच्या आवाजात मी माझं पाळण्यातलं नाव सांगितलं, "यासुहिको."

कोणी हसलं नाही. हातानोबाईंनी चष्मा काढला. "तोकुदासान, ओलं पान म्हणजे काय ते ठाऊक आहे ना?"

"आजचा विषय."

"आजचा विषय 'पहिलं धुकं' होता. ओलं पान म्हणजे निवृत्त नवरा. कितीही झटका, बायकोला सोडत नाही. बायकांच्या मासिकांत सध्या तेच चाललंय."

मी फक्त उद्योगधंद्यांचं वर्तमानपत्र वाचायचो. बायका काय बोलतात हे ऐकायला अडतीस वर्षांत मी होतो कुठे? माझे कान त्या क्षणी शंभर टक्के रंगले असावेत. फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मी वही मिटली. "पुढच्या रविवारपासून मी येत नाही."

"ते तुम्ही नाही ठरवायचं," हातानोबाई म्हणाल्या. "फुसाए?"

फुसाएने कप खाली ठेवला. "अडतीस शरद मी ही पानं यांच्याशिवाय बघितली," ती म्हणाली. "तेव्हा चिकटले असते तर मी झाडू हातात घेतला नसता."

सोनोबेबाईंनी माझ्यापुढे बिस्किटं सरकवली.

"येऊ देत त्यांना," फुसाए म्हणाली. "पण आपल्यात प्रत्येकाला टोपणनाव लागतं. ते त्यांनी आजच सुचवलंय."

पुढचे तीन रविवार मी घसा साफ करून बसलो आणि बसूनच राहिलो. माझी एकही कविता कोणी निवडली नाही. परवा मात्र एक मत पडलं, फुसाएचं. कविता कोणाची ते कळलंच नव्हतं, असं ती म्हणते. कविता वाळत घातलेल्या कपड्यांवर होती, चिमट्यांसकट.

मी उठून उभा राहिलो आणि या वेळी अर्थ ठाऊक असून मोठ्याने सांगितलं, "ओलं पान."