छातीतल्या मालाचा गेटपास

साहेब, माझ्या भावाला चोर तुम्ही ठरवलंत. कागदावर सही तुमचीच आहे.

दादा तुमच्या कारखान्यात एकोणीस वर्षं दगडाची पूड पोत्यांत भरत होता. गेल्या महिन्यात घरचा जिना चढताना चौथ्या पायरीवर बसला तो बसलाच. डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काढला. मी शिवणकाम करते, म्हणून मला माझ्याच भाषेत समजावलं.

"श्वासनळीला आतून अस्तर असतं. त्यावर बारीक केस असतात, ते धूळ वर ढकलत राहतात. तुमच्या भावाचे ते केस झडलेत. मग पूड थेट खाली, हवेच्या पिशव्यांत उतरली. तिथलं अस्तर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पेशी सुजल्या, मेल्या, त्या जागी वण राहिले. आणि वण श्वास घेत नाही. उरलेल्या पेशींसाठी आतली पूड धुऊन बघू. गुरुवारी आणा त्यांना. फक्त पूड कसली आहे, ते कारखान्याकडून लिहून आणा."

मी तुमच्याकडे आले. तिथंच चुकले.

"पूड आमचीच," तुम्ही लगेच म्हणालात. मला वाटलं, चला, साहेबात माणूस निघाला. मग तुम्ही स्टोअरकीपरला बोलावलंत.

"आपला माल बाहेर गेलाय. गेटपास होता?"

"नव्हता, साहेब. थोडा थोडा नेला असणार. लोक चिकाटीचे असतात."

"अहो, नाकातून गेला तो," मी म्हणाले.

"कुठून नेला हा तुमचा घरगुती प्रश्न आहे, बाई," तुम्ही म्हणालात.

"आणि ते केस झडले, त्याचं काय?"

"ते आमच्या हजेरीपटावर नाहीत," स्टोअरकीपर म्हणाला. "त्यांनी काम सोडलं, तर आम्ही काय करणार?"

तुम्ही सही करून हुकूम काढलात: चोरीचा माल परस्पर धुऊन टाकायला मनाई, जिथला तिथं जमा करावा. बुधवारी तुमची गाडी आली आणि दादाला खुर्चीसकट उचलून गोदामात नेलं. मी मागोमाग धावले. वॉचमनने त्याला पोती तोलायच्या काट्यावर बसवलं.

"दादा, खोकू नका. तूट दिसते."

"मग श्वास तरी घेऊ का रे?" दादाने विचारलं.

"घ्या की. आत घेतलेला चालतो. सोडताना पावती लागेल."

दादा हसला. हसल्यावर खोकला, आणि वॉचमनने ती तूट वहीत लिहिली. बिचारा हुकमाचा ताबेदार.

आज गुरुवार आहे. डॉक्टरबाईंनी खाट राखून ठेवलीय. दादा अजून काट्यावर आहे, दगड दळणाऱ्या चालू यंत्रापासून चार हातांवर, आणि दर श्वासाला तुमचा माल वाढतोय. स्टोअरकीपर खूश आहे.

पूड तुमची, कबूल. फुफ्फुस कोणाचं? दुपारच्या आत उत्तर द्या. लेखी नको. गोदामात या, तोंडावरचा रुमाल काढा आणि दादासमोर उभं राहून सांगा.