डाव्या हाताचा चाकू

पहिलाच घडीचा चाकू घ्यायला निघाला असाल, तर माझ्यासारख्याला बरोबर नेऊ नका. चाकूंबद्दल मी इतक्या थापा मारल्यात की खरं काय ते माझं मलाच शोधावं लागतं. माझ्याकडे म्हणे असा चाकू होता, की संत्रं आज सोललं तर संत्र्याला उद्या कळायचं. त्याच चाकूने मी एका माणसाची सावली पायापासून सोडवली. तो बिचारा अजून उन्हात यायला लाजतो. हे मी शपथेवर सांगायचो, आणि ऐकणारे वर चहा पाजायचे.

तरी दादाने मलाच बरोबर नेलं. दुसरं होतं कोण?

दादा माझा थोरला भाऊ. सारा जन्म रोपवाटिकेत कलमं करण्यात गेला. मग झटका आला आणि उजवं अंग गेलं. पाय कुरकुरत परत आला, हात काही आला नाही. रोपवाटिकेच्या मालकीणबाई भल्या, पण भलेपणालाही कुंपण असतंच. त्यांनी निरोप धाडला, "येऊन माझ्यासमोर एक कलम करा. धरलं तर तुमचं टेबल तुमचंच. नाहीतर मला दुसरा माणूस बसवावा लागेल."

त्या टेबलाशिवाय दादाला स्वतःची अशी जागाच नव्हती. घरात तो पाहुण्यासारखा बसायचा, खुर्चीच्या कडेवर, आता उठतोच म्हणणाऱ्यासारखा.

अडचण आली चाकूची. जुना चाकू सरळ, म्यानातला. दोन हात असले की एकात चाकू, एकात कलमाची काडी. एकाच हाताला मात्र चाकू खाली ठेवल्याशिवाय काडी उचलता येत नाही. घरी करून बघताना दादाने सवयीने उघडं पातं मांडीवर ठेवलं, आणि मांडीच चिरली. वहिनीने रक्त पुसलं, चाकू कपाटात टाकला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली.

"मिटणारा आणा," ती म्हणाली, "नाहीतर घरी बसा. एक हात गेला तेवढं पुरे झालं."

दुकान अरुंद, तेलाच्या वासाचं. दुकानदाराच्या चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडाएवढी. मी उंबऱ्यातूनच सुरू झालो, "सगळ्यात लांब पात्याचा काढा हो! माझ्याकडे एक होता, त्याने मी वारा कापला होता. अजून त्या गल्लीत दोन तुकड्यांनी वाहतो."

"चाकू कोणाला हवाय?" दुकानदार म्हणाला.

"ह्यांना."

"मग तुम्ही तिकडे स्टुलावर बसा."

दादा हसला. हसू हल्ली अर्ध्याच तोंडावर उमटायचं, पण उमटलं.

"पहिलाच का?"

"घडीचा... पहिलाच." दादाचे शब्द ओझं उचलून आल्यासारखे यायचे.

दुकानदाराने फडक्यावर चार-पाच चाकू मांडले. "चकाकी बघू नका, ती गिऱ्हाइकासाठी असते. पातं तळहाताच्या रुंदीएवढं पुष्कळ झालं; त्याहून मोठं मिरवायला. आता उघडा आणि पातं चिमटीत धरून हलवा. बिजागरी खुळखुळली, तर चाकू कितीही देखणा असो, एक दिवस बोटावरच मिटणार. मूठ ओल्या हाताने धरून बघा. घाई नाही. बायको बघायला आलाय असं समजा."

"आमची बघून घेतली असती तर बरं झालं असतं," मी स्टुलावरून म्हणालो.

"तिनेच... तुला... बघायला हवं होतं," दादा म्हणाला.

त्याने एक देखणा चाकू अंगठ्याने उघडला. मिटताना दुकानदाराने पटकन त्याचं मनगट धरलं. "थांबा! ह्याचा खटका उजव्या अंगठ्यासाठी आहे. डाव्याने दाबायला गेलात की बोट पात्याच्या वाटेत येतं." मग त्याने दादाच्या कोटाच्या खिशात ठेवलेल्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. खालचे खण उपसून त्याने लाकडी मुठीचा एक साधासुधा चाकू काढला, खटका मुठीच्या पाठीवर असलेला. "ह्याला डावं-उजवं नाही. अंगठ्याने खटका दाबायचा, पात्याची पाठ मांडीला टेकवून रेटायची. बोटं खाचेबाहेर."

दादाने उघडला, मिटला. पुन्हा उघडला. नुकतीच शीळ जमलेल्या पोरासारखा तो उघडत आणि मिटत राहिला. रस्त्यातही थांबेना. लोक बाजूने वाट काढून जात होते.

मग घरी सराव. टेबलाच्या कडेला सुताराचा शिकंजा बसवला. काडी शिकंज्यात धरायची, टोकाला पाचर तासायची, चाकू मिटून खिशात, मग काडी उचलायची. दादाचा डावा हात हळूहळू शहाणा झाला. वहिनी रोज जमिनीवरची सालं गोळा करायची आणि दिवसेंदिवस कमी कुरकुरायची. संध्याकाळी ती त्याच्या शर्टाच्या गुंड्या सोडायची, सकाळी लावायची. ते आम्ही तिघेही रोज पाहत होतो, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

त्या सकाळी बाई टेबलाशी उभ्या राहिल्या. घरून आणलेला शिकंजा कडेला बसवून दादाने आधी त्यात काडी धरून तासली, मग खुंटाचं रोप, म्हणजे ज्यावर काडी बसवायची ते, शिकंज्यात धरलं, शेंडा उडवला, मधोमध चीर दिली. चाकू मिटला. काडी चिरेत अशी बसली की जणू तिथेच उगवली होती.

"सुरेख!" बाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

मग दादाने सांधा बांधायची प्लास्टिकची पट्टी उचलली. पट्टी ओढायची तर काडी सोडावी लागते. काडी धरायची तर पट्टी कोण ओढणार? बांधणं हे त्याला कधी काम वाटलंच नव्हतं, म्हणून सरावातही ते सुटलं होतं. गप्पा मारता मारता दोन्ही हात आपोआप करायचे. त्याने उजव्या हाताकडे पाहिलं, उशीर केलेल्या माणसाकडे पाहावं तसं. पट्टीचं टोक दातांत धरलं. काडी कलंडली. बसवली. पुन्हा कलंडली. त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली, ती पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मी पुढे झालो. "मी बांधतो."

तो बाजूला सरला. माझे हात जन्मभर गोष्टी सांगताना हवेत फिरले, दुसरं काही शिकलेच नाहीत. गुंडाळली पट्टी कशीबशी.

"सैल आहे," दादा म्हणाला.

"आवळतो ना."

"सैल आहे रे."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "धरतं का बघू. तोवर टेबल तुमचंच."

दादा रोज जाऊन टेबलाशी बसायचा आणि त्या एका रोपाला झारीने पाणी घालायचा. मी रोज सांगायचो, अमुक एका बागेत याहून सैल कलमाला फुटवे आलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. तो ऐकून घ्यायचा. काडीची साल आधी सुरकुतली, मग तपकिरी झाली. बाई लांबूनच बघायच्या आणि दुसरीकडे वळायच्या. सांगायचा धीर त्यांनाही होत नव्हता.

एका सकाळी दादाने चाकू अंगठ्याने उघडला, वाळलेली काडी पट्टीसकट खालून कापली आणि चाकू मिटला. मग त्याने बाईंना हाक मारली.

"खुंट चांगला आहे," तो म्हणाला. "नवीन माणूस येईल... त्याला द्या."

बाईंनी मान हलवली. दादा टेबलाला धरून उठला आणि दुसऱ्या कुणाला बसता यावं म्हणून खुर्ची पायाने नीट आत सारली.