पायलट आणि ठिपक्यांचं चित्र

"छान आहे," पायलट म्हणाला.

दुकानदारणीने टेबलावर मांडलेलं हे चौथं चित्र होतं आणि आधीची तिन्ही पायलटला छानच वाटली होती. पहिल्यात घोडे होते, दुसऱ्यात फुलं होती, तिसऱ्यात काय होतं ते नीटसं कळलं नव्हतं, पण तेही छान होतं.

"यांना काही विचारू नका," त्याची बायको दुकानदारणीला म्हणाली. "मीसुद्धा यांना अशीच पसंत पडले होते."

बायको बालवाडीत शिकवायची. जन्मभर तिने पोरांनी काढलेली चित्रं भिंतीला चिकटवली. हत्तीला पाच पाय असोत नाहीतर सूर्य हिरवा असो, तिने कधी कुणाला नाउमेद केलं नाही. निवृत्त होताना शाळेने तिला साडीऐवजी या दुकानातलं एक चित्र भेट दिलं, आवडेल ते निवडा म्हणून सांगितलं. जगातल्या मोठमोठ्या चित्रांच्या उत्तम कागदावर छापलेल्या प्रती तिथे मिळत. बायको हरखून गेली होती. सोफ्यामागच्या भिंतीवर आता एक तरी मोठ्या माणसाने काढलेलं चित्र लागेल, असं ती आठवडाभर घोकत होती.

पायलटचं लक्ष मात्र घराकडे लागलं होतं. तो कारखान्याच्या कामगारांची बस चालवायचा. बस अशी अलगद न्यायचा की मागे बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळत नसे; म्हणून कामगारांनीच त्याला पायलट केलं होतं. पण गेलं वर्षभर या पायलटच्या डोळ्यांसमोर धुकं होतं. ते उन्हात दाटायचं, समोरून दिवे आले की पांढरं फक्क व्हायचं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. रस्ता त्याला खड्ड्यांवरून पाठ होता. कामगार त्यांच्या खोकण्यावरून आणि पायऱ्या चढण्यावरून ओळखू येत. कारखान्यात डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा रांगेत पुढे उभ्या असलेल्या फिटरने तक्त्यावरची अक्षरं खणखणीत आवाजात वाचली आणि पायलटने ती जशीच्या तशी म्हणून दाखवली. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली.

मध्यंतरी एकदा त्याने थांब्यावर बस उभी केली, दार उघडलं आणि "चला, लवकर चढा," असा पुकारा केला. कुणी चढेना. थांब्यावर कचऱ्याचा उंच डबा उभा होता. बसमध्ये हशा पिकला. पायलटनेही हसून घेतलं, सकाळी सकाळी तुम्हाला जागं करायला थट्टा केली असं म्हणाला, आणि उरलेला रस्ता त्याने घामाघूम होऊन कापला.

तर दुकानदारणीने पाचवं चित्र आणलं. चांगलं दोन हात रुंद होतं. तिने ते समोरच्या फळीवर उभं केलं. बायको जवळ गेली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"अहो, छपाई बिघडली का याची? नुसते ठिपकेच दिसतायत."

दुकानदारीण हसली. हे ऐकायची तिला सवय असावी. चित्रकाराने ते मुद्दामच केलंय, असं तिने समजावलं. त्याने रंग एकमेकांत कालवलेच नाहीत. निळ्याशेजारी पिवळा, पिवळ्याशेजारी लाल, असे चिमुकले ठिपके देत गेला. जवळून पाहिलं तर ठिपके, लांबून पाहिलं तर आपले डोळेच ते रंग कालवतात आणि चित्र तयार होतं. मग ती बायकोला दंडाला धरून मागे मागे नेत पार दुकानाच्या दारापर्यंत घेऊन गेली.

"अगं बाई," बायको हळूच म्हणाली. तिला नदी दिसली होती.

इकडे पायलट चित्राच्या अगदी पुढ्यात उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादं चित्र मनापासून आवडलं होतं. आधीच्या चारांत काळ्या रेघांचा गुंता होता. हे कसं मऊ, भरदार होतं. काठावरचं गवत, पाण्यात शीड उभारलेली नाव, छत्री घेतलेली बाई, सगळं जागच्या जागी. आपले डोळे म्हणजे अगदीच कामातून गेलेले नाहीत, असं वाटून त्याची छाती फुगली.

"ठिपके कुठले?" तो मोठ्याने म्हणाला. "मला इथून सगळं स्वच्छ दिसतंय. ही बाई दिसतेय, तिची छत्री दिसतेय. एकसुद्धा ठिपका नाही. तुम्ही कशाला उगीच दारात जाऊन उभ्या राहिलात?"

"काका," दुकानदारीण भाबडेपणाने म्हणाली, "तुमचं नाक टेकायला आलंय चित्राला. इतक्या जवळून ठिपके नाही दिसत तुम्हाला?"

पायलट वळला. दारातल्या उजेडात त्याला बायकोचा आकार दिसत होता, चेहरा दिसत नव्हता. पण तो आकार अजिबात हलत नव्हता, एवढं त्याला कळलं.

"हेच बांधून द्या," बायको म्हणाली.

चकचकीत कागद हवा की खरखरीत, चौकट काळी की लाकडी, असं दुकानदारीण विचारत राहिली. कागद खरखरीत, चौकट लाकडी, असं बायकोने दोन शब्दांत उरकलं. बाहेर पायलट स्कूटरची किल्ली काढू लागला तेव्हा तिने नुसता हात पुढे केला. त्याने किल्ली दिली. तिला स्कूटर येत नव्हती. मग दोघांनी चित्र मागच्या सीटवर उभं बांधलं आणि स्कूटर ढकलत निघाले. चित्र ऐटीत बसून चाललं होतं आणि ही दोघं त्याच्या दोन बाजूंनी पायी.

चढावर पोचल्यावर तिने विचारलं, "कधीपासून?"

"थोडंफार अंधुक—"

"पायलट, कधीपासून?"

घरात तो नेहमी "अहो" होता. ती त्याला पायलट कधीच म्हणत नसे. त्याने स्कूटर उभी केली आणि जे स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मागच्या आठवड्यात उन्हातून एक सायकलवाली समोर आली होती. मागच्या कॅरिअरवर लहान मूल होतं. ब्रेक लागला, बस थांबली, कुणाला काही झालं नाही. बाई निघून गेली. कामगारांना वाटलं, कुत्रं आडवं आलं असेल.

"मला ती दिसलीच नव्हती," तो म्हणाला. "मूल रडलं, ते ऐकू आलं म्हणून ब्रेक दाबला."

बायकोने स्कूटरचं हँडल घट्ट धरलं आणि चला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पायलट कामावर पायी गेला आणि बसची किल्ली मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. का, ते त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. मॅनेजरने त्याला खुर्ची दिली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. ऑपरेशनं झाली, नीट झाली. पण तोवर बसवर दुसरा ड्रायव्हर आला होता, तरुण होता, बस बरी चालवत होता. पायलटला फाटकावर पास तपासायचं काम मिळालं. तो आपल्याला खोकण्यावरून ओळखायचा हे कामगारांना आता कळलं होतं; ते पास न दाखवताच पुढे जायचे आणि खोकून दाखवायचे. पायलट हसायचा. पहिल्या दिवशी मात्र बस फाटकातून आत आली तेव्हा तो उगीचच टेबलाचा खण आवरत बसला.

ऑपरेशननंतर जवळचं बघायचा नवा चष्मा मिळाला त्या दिवशी घरी येताच त्याने तो लावला आणि तडक सोफ्यावर गुडघे टेकून चित्र पाहिलं. मग तो ओरडला. फसवलं आपल्याला, म्हणाला. चित्र बदलून दिलं. यात नाव नाही, बाई नाही, नुसते गोवर उठल्यासारखे ठिपके आहेत. बायको हसत हसत खालीच बसली. मग तिने त्याला चष्मा काढायला लावला, मागे ओढलं. खोली लहान होती. समोरच्या भिंतीला पाठ टेकली तरी ठिपके काही पुरते विरेनात. शेवटी दोघं दार उघडून बाहेर जिन्याजवळ गेली, तेव्हा कुठे नदी दिसली.

तेव्हापासून संध्याकाळी ती दोघं दोन खुर्च्या आणि चहाचे कप घेऊन दाराबाहेर, स्वतःच्या घराकडे तोंड करून बसू लागली. एकदा वरच्या मजल्यावरचे शेजारी पिशव्या घेऊन जिना चढत होते. किल्ली हरवली का, असं त्यांनी काळजीने विचारलं.

"किल्ली आहे," पायलट म्हणाला. "चित्र बघतोय."

शेजारी दारातून आत डोकावले आणि ठिपके दिसल्यासारखा चेहरा करून उभे राहिले. पायलट खुर्चीतून उठला. आपली खुर्ची त्याने बाजूला सारली, एक हात वर केला, आणि रिव्हर्स घेणाऱ्या गाडीला दाखवावं तसा शेजाऱ्यांना तो हात सावकाश हलवू लागला.

"येऊ द्या," तो म्हणाला. "येऊ द्या... येऊ द्या... बास."