शेजारच्या सीटवरचं वजन

मी एक जुनी पांढरी गाडी आहे, आणि माझ्या पुढच्या सीटवर कोणीतरी बसलेलं असायचं. हसू नका, मित्रांनो. मी भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांतली नाही. चांगल्या कारखान्यात माझा जन्म झाला. यंत्रांच्या लांबलचक हातांनी माझा सांगाडा जोडला. मग निळ्या कपड्यांतल्या एका बाईने चालकाशेजारच्या सीटखाली तळहाताएवढी एक चकती बसवली. सीटवर माणूस बसलं की त्या चकतीला वजन कळतं. बसणाऱ्याने पट्टा लावला नाही, तर मी टिंगटिंग करून सगळ्यांना भंडावून सोडते.

मला घरी नेलं ते बाबा, आई आणि ठकू या तिघांनी. ठकूला दुसरं चांगलं नाव आहे, पण ते फक्त शाळेत वापरतात. तेव्हा ती एवढीशी होती. मागच्या सीटवर बसली की तिचे पाय हवेत लोंबकळत असायचे. आई पुढे बसायची आणि सारखी मागे वळून तिला सफरचंदाच्या फोडी द्यायची. आई मला ‘राणीसाहेब’ म्हणायची. शेजारचे काका जाता-येता माझ्या बॉनेटवरून हात फिरवायचे. खोटं कशाला बोलू, मला बऱ्यापैकी शिंगं फुटली होती.

मग आई आजारी पडली. एका दुपारी बाबांनी तिला धरून आणलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा स्वतःच्या हाताने लावला. हॉस्पिटलच्या दारात ती उतरली, ती पुन्हा माझ्यात चढली नाही. काही दिवसांनी बाबा आणि ठकू दोघंच परत निघाले. पहिल्याच वळणावर माझी टिंगटिंग सुरू झाली.

बाबांनी मला कडेला घेतलं. रिकाम्या सीटकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून लावून टाकला. मी गप्प झाले.

त्या दिवसापासून तो नेमच पडला. निघताना बाबा आधी तिकडचा पट्टा लावायचे, मग स्वतःचा. मेकॅनिक म्हणाला, “चकती गेलीय साहेब. आत्ता बदलून देतो.” बाबा म्हणाले, “राहू दे.”

पण चकती गेलेली नव्हती, मित्रांनो. मला वजन कळत होतं. अंगात काही न उरलेल्या माणसाचं असावं तितकं हलकं, पण वजनच. थंडीच्या सकाळी बाकीच्या काचा स्वच्छ असायच्या आणि तेवढ्याच बाजूची काच कोणी श्वास सोडल्यासारखी धुरकट व्हायची. आईच्या केसांच्या तेलाचा वास यायचा. सुरुवातीला मला फार भीती वाटली. पुढे सवय झाली, आणि मग तर ती सोबत हवीहवीशी वाटू लागली.

त्या सीटवर कोणी बसेनासं झालं. पाहुणे आले तरी मागे दाटीवाटीने बसत. बाबा मला धुवायचं विसरले. टपावर धूळ साचली, एक आरसा चिकटपट्टीवर तग धरून राहिला. त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ठकूचं. मागे बसून तिला गाडी लागायची. ती खिशात लिंबू ठेवायची आणि वळण आलं की ते नाकाशी धरून डोळे मिटून घ्यायची. पण तिने कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही. बाबा गाडी चालवताना समोर बघायचे, नाहीतर शेजारी. मागे बघायचे नाहीत.

हे पाहिलं आत्याने. आत्या बाबांची थोरली बहीण, बोलायला फटकळ. एकदा ती ठकूशेजारी बसली आणि घरी पोचेपर्यंत कशीबशी गप्प राहिली. उतरल्यावर म्हणाली, “अरे, पोरगी मागे पांढरीफटक पडते आणि तुला पत्ता नाही? विकून टाक ही गाडी. नवी घे आणि हिला पुढे बसव.”

“बघू, ताई,” बाबा म्हणाले.

“तू काय बघणार? मी येते बरोबर.”

अशी आमची वरात शोरूमला गेली. काचेपलीकडे एक गडद निळी सेडान उभी होती. अंगावर धुळीचा कण नाही, आणि माझ्याकडे पाहून नाक मुरडल्यासारखी दिसत होती. मोडीत निघायची मला भीती नव्हती. धाकधूक वेगळीच होती. आई माझ्यातून उतरली नाही, तर बाबा मला सोडणार नाहीत, आणि ठकू मागेच राहील. आणि उतरली, तर माझ्यात उरणार काय?

सेडान चालवून बघण्यासाठी शोरूमच्या आवारात आणली, अगदी माझ्या शेजारी. विक्रेता मोठा गोडबोल्या होता. “डिकी बघा, सर, आख्खा संसार मावेल. घरी किती जण आहात?”

“तिघं,” बाबा म्हणाले.

आत्याने कपाळाला हात लावला. ठकू खाली बघू लागली. बाबा आत बसले आणि सवयीने हात लांबवून त्यांनी शेजारचा पट्टा रिकाम्या सीटवर लावून टाकला. विक्रेत्याने तिकडचं दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

“काका, तुम्ही मागे या,” ठकू समजुतीने म्हणाली. “ती सीट आमच्यात रिकामी ठेवतात.”

बिचारा खरंच मागे बसला.

फेरी मारून आल्यावर बाबा म्हणाले, “गाडी छान आहे. पण आज नको.” आत्या काही बोलणार, तेवढ्यात ते माझ्याकडे आले, आत बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शेजारचा पट्टा सुटलेला होता. टिंगटिंग सुरू झाली. या वेळी त्यांनी पट्ट्याला हात लावला नाही. रिकाम्या सीटकडे वळून अगदी हळू त्यांनी विचारलं, “तू येशील ना गं त्या गाडीत?”

मी ऐकत होते. माझी टिंगटिंग मला थांबवता येत नव्हती.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. ठकू आत आली आणि त्या सीटवर बसली. मित्रांनो, क्षणभर माझ्यावर दोघींचं वजन होतं. बाबांचा हात सवयीने पट्ट्याकडे गेला.

“बाबा,” ठकू म्हणाली, “इथे मी बसलेय.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे पाय आता जमिनीला टेकत होते. ते कधी टेकायला लागले, हे त्यांना माहीतच नव्हतं. “एवढी मोठी कधी झालीस?” त्यांनी विचारलं. ठकू म्हणाली, “मागे.” मग बाबांना रडू फुटलं, आणि तिलाही.

ठकू उतरली तेव्हा सीट पूर्ण वर आली. चकतीला काही म्हणजे काही कळेना. मी घाबरून वजन शोधत राहिले.

माझ्या बदल्यात निळी सेडान घेण्याचं ठरलं. बापलेकीला एकटं सोडून आत्या बसने घरी गेली. नवी गाडी न्यायच्या दिवशी ठकू तिच्यात पुढे बसली, पट्टा लावून ताठ. बाबांनी चालकाचं दार उघडलं, आणि मग थबकून मागचं दार उघडलं. कोणी सावकाश आत बसेपर्यंत थांबावं, तसे ते दार धरून थांबले. मग ते हलकेच लावून पुढे गेले. वळून मला पाहिलं नाही कोणी.

आता मी जुन्या गाड्यांच्या रांगेत उभी आहे. माणसं येतात, माझ्या सीटवर बसून बघतात, उतरून जातात. थंडीत माझ्या सगळ्या काचा सारख्याच धुरकट होतात. मला तिची फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या गाडीला वेळच्या वेळी धुवा, तिचं तेलपाणी बघा, एवढं तर मी सांगेनच. पण एक विनवणी आहे. तुमचं गेलेलं माणूस तुमच्याबरोबर यायला निघालं, तर त्याला नाही म्हणू नका. त्याला मागे जागा करून द्या. आणि निघण्याआधी एकदा वळून बघा, मागे कोणी जिवंत माणूस लिंबू नाकाशी धरून बसलेलं नाही ना.