विचारायचं बटण

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनी तर आधी पुढे या, कारण गोष्ट मागच्या बाकावरची आहे, आणि एका मुकुटाचीही. देवाने माणसाला एक जीभ आणि दोन कान दिले. काहींनी हिशेब उलटा लावला, त्यांची ही कथा.

एका शाळेत विज्ञानाच्या बाई होत्या. त्यांच्या वर्गातली एक मुलगी बोलताना अडखळायची. पहिला शब्द बाहेर पडेपर्यंत पोरं हसून मोकळी व्हायची, म्हणून तिने तोंड उघडणंच सोडलं होतं. बाईंनी इंटरनेटवर एक साधंसुधं साधन शोधलं. पडद्यावर कोरं पान. मुलांनी टॅबलेटवरून त्यावर प्रश्न लिहायचा, नाव फक्त बाईंना दिसायचं. झालं! मुलीचे प्रश्न नळ सुटावा तसे सुटले. एका शुक्रवारी तिने लिहिलं, ‘किटलीतलं पाणी उकळायच्या आधी गातं. उकळलं की गप्प का होतं?’

“अरे, हो की!” सगळा वर्ग म्हणाला. मुलगी मान खाली घालून हसली.

“सोमवारी किटली आणते,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांनी बघू, कानांनी ऐकू.”

पण मुख्याध्यापक? उथळ पाण्याला खळखळाट फार! त्यांनी फर्मान काढलं: सगळ्या शाळेत एकच साधन, बाकीची बंद. ते निवडायला शनिवारी शिक्षकांना संगणकाच्या खोलीत बसवलं. जोडा घ्यायचा पोराला आणि पाय मापायचा बापाचा! खोलीत औषधालाही मूल नव्हतं. शिक्षकच विद्यार्थी झाले.

“उत्तराला चार रंगांची चार बटणं,” साधन विकायला आलेला विक्रेता म्हणाला. “जो आधी दाबेल तो पुढे.”

यंत्रातून ढोल वाजले. मुख्याध्यापकांनी टोपणनाव घेतलं ‘वाघ’. प्रश्न वाचायच्या आत बोट बटणावर! खेळाचे सर चपळ, पण नोकरी त्याहून प्यारी; त्यांनी बोट आवरून धरलं.

“सर, तुमच्यापुढे आमचं काय चालणार!” ते म्हणाले.

पडद्यावर वाघाच्या डोक्यावर मुकुट चढला, फटाके फुटले. निवृत्तीला टेकलेल्या या गृहस्थांनी मुकुटाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि तिथूनच घरी फोन लावला, “अगं, पहिला आलो!”

बाईंनी विचारलं, “एखाद्या मुलाला काही विचारायचं असेल तर?”

“विचारायचं बटण नाहीये, मॅडम,” विक्रेता म्हणाला. “उत्तराची चार आहेत ना!”

“बाई, विचारायला आपण बसलोय की,” मुख्याध्यापक म्हणाले. “पोरंच विचारत सुटली तर उत्तरं कोण देणार? तुमची किटली?”

खोली खदखदून हसली. त्या साधनाच्या बाजूने हात वर झाले. बाईंचा तेवढा खाली राहिला. संध्याकाळपर्यंत कोरं पान बंद.

सोमवारी बाईंची किटली कपाटातच राहिली, तास ढोलांनी खाल्ला. मुलगी प्रश्न नीट वाचायची, म्हणून शेवटी यायची. शेवटच्याला पडद्यावर कासवाचं चित्र मिळे. “कासव! कासव!” पोरं ओरडायची. मग ती शहाणी झाली. न वाचताच दाबू लागली आणि कासवातून सुटली. यंत्राने तिच्या नावापुढे शेरा दिला: सहभाग उत्तम. तो कागद मुख्याध्यापकांनी दारातल्या भिंतीवर लावला, मुकुटाशेजारच्या आपल्या फोटोखाली. धन्य ते गुरू!

अखेर एकदा वीज गेली, इंटरनेट तुटलं, यंत्र मुकं झालं. बाईंनी चटकन स्पिरिटचा दिवा पेटवून किटली चढवली. पाणी गायलं, मग उकळलं आणि गप्प झालं. बाई मुलीजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, “तुझंच पाणी आहे हे. काय वाटतं तुला?”

मुलीने किटलीकडे पाहिलंच नाही. अंधारलेल्या टॅबलेटवर तिचं बोट फिरत राहिलं, चार बटणं कुठे गेली ते शोधत.

बाबांनो, त्या वाघाला विसरलात तरी चालेल, तो भिंतीवर आहेच. पण तुमच्या घरी पाणी गाता गाता गप्प झालं, तर त्या लेकराची आठवण काढा.