गंगाबाईंनी मोकळा केलेला रस्ता

नवरदेव आल्याशिवाय हॉलात एकानेही पाय टाकायचा नाही, असा गंगाबाईंचा हुकूम होता. सगळ्यांनी रस्त्यावर उभं राहून जावयाला मानाने आत आणायचं. आजेसासऱ्यांपासूनची रीत ती. नातीच्या, शर्वरीच्या लग्नात मोडली तर वर गेल्यावर नवऱ्याला, सुभानरावांना काय तोंड दाखवायचं?

म्हणून मे महिन्याच्या उन्हात गोरव्याच्या त्या हॉलासमोर शंभर पाहुणे रस्त्यावर. निम्मे कडेला उभ्या केलेल्या गाड्यांत एसी लावून बसलेले, निम्मे घाम पुसत फोन बघणारे.

मुहूर्त बारा सतराचा होता. तो हुकला तर पुढचा संध्याकाळी, आणि हॉल तर तीनलाच सोडायचा. साडेअकरा झाले तरी नवऱ्या मुलाचा, अनीशचा पत्ता नाही. कोयलीहून यायला लागतात किती, वीस मिनिटं!

सून संयोगिता घाबरीघुबरी आली. "आई, ते छाणीकडून वळसा घेतायत. तासभर लागेल म्हणे."

"का? सरळ रस्ता चोरीला गेला?"

"फोनमधल्या नकाशात आपला रस्ता लालभडक दिसतोय. हॉलाजवळ मोठा ट्रॅफिक आहे म्हणे."

गंगाबाईंनी मान वळवून रस्ता पाहिला. एक म्हैस चालली होती, तीही निवांत. त्यांनी सुनेच्या हातातून फोन ओढला.

"भास्करराव, इथे काही नाही हो! सरळ या."

"काकी," पलीकडून व्याही म्हणाले, "तीस वर्षं रिफायनरीत मीटरचे काटे बघितलेत. माणसाचा डोळा चुकतो, मशीन नाही चुकत." आणि फोन बंद.

"मशीनचा भक्त मेला!" गंगाबाई पुटपुटल्या. "काय गं, त्या नकाशाला रस्ता दिसतो कसा? वरून कोणी डोकावतं?"

"नाही आई. लोकांच्या खिशातले फोनच त्याला सांगतात. रस्त्यावरचे फोन भराभर सरकले की रस्ता हिरवा, एका जागी खिळले की लाल."

गंगाबाईंनी गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. हॉल सापडावा म्हणून जो तो नकाशा लावून आला होता, आणि कोणीही तो बंद केलेला नव्हता. ट्रॅफिक म्हणजे तर त्यांचीच माणसं!

गंगाबाईंनी पदर खोचला. "चला, आत व्हा सगळे!"

"आई, अहो रीत?"

"रीत माझी आहे, तिचं मी बघते. तू फोन गोळा कर."

परातीत चाळीसेक फोन जमले. नणंद लीलाताई तेवढ्या अडून बसल्या. "वहिनी, माझ्या गोळीची घंटा त्यात वाजते."

"गोळी तोंडाने घ्यायची असते, फोनाने नाही. टाक!"

परात समोरच्या रिक्षात चढली. रिक्षावाल्याने कुठे जायचं ते गुजरातीत विचारलं, "बा, क्यां जवानुं?"

"क्यांय नहीं! चौकापर्यंत जा, पाछो आव, परत जा. आणि जोरात चालव, वरातीत असल्यासारखा रेंगाळू नको."

रिक्षावाल्याने बाईंकडे बघितलं, परातीकडे बघितलं आणि किक मारली. चौथ्या फेरीला संयोगिता ओरडली, "आई, नारिंगी झाला!" सातव्या फेरीला रस्ता हिरवागार. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"काकी, ट्रॅफिक सुटला! सरळ येतोय!"

"हो का? तुमचं मशीन फारच हुशार हो," गंगाबाई म्हणाल्या.

बारा दहाला गाडी आली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हातात आरतीचं ताट घेऊन गंगाबाई एकट्या उभ्या. भास्कररावांचा चेहरा पडला. "काकी, स्वागताला दुसरं कोणीच नाही?"

"आमची फौज आत बसवलीय," गंगाबाईंनी अनीशला ओवाळत सांगितलं. "बाहेर उभी केली की तुमचं मशीन घाबरतं."

भास्कररावांना काही उमगलं नाही, आणि उमगायला वेळही नव्हता. गंगाबाईंनी ताट त्यांच्याच हातात दिलं, नवरदेवाचा दंड धरला आणि त्याला जवळजवळ पळवतच बोहल्याकडे नेलं.